स्टेपनी कुठे लावायची?

"साहेब, स्टेपनी कुठं लावायची?"

अंबड लिंक रोडवरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, शनिवारी सकाळी साडेदहा वाजता, हातात खडू घेऊन उभ्या असलेल्या वेल्डरनं मला हा प्रश्न विचारला आणि मी चक्क गप्प झालो. आता ऑफिसात मी दिवसभर असल्याच प्रश्नांची उत्तरं देत असतो. सर्व्हर पडला तर काय करायचं, डिस्क गेली तर काय, बॅकअप कुठे ठेवायचा... पण इथे समोर एक जीप, बाजूला भिंतीला टेकवलेलं एक चाक, आणि तीन आठवडे विचार करूनही माझा निर्णय होत नव्हता.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. जीप नवीन नाही. ओळखीतून घेतलेली जुनी डिझेल जीप आहे. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण जे बिघडलं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. आधीच्या मालकानं हौसेनं मोठ्ठे टायर चढवले होते आणि तसलंच पाचवं चाक मागच्या दरवाजावर लटकवलं होतं. दरवाजा बिचारा लहान चाकाच्या हिशेबानं बनवलेला. खड्ड्यांत नाचून नाचून बिजागऱ्यांभोवतीचा पत्रा फाटला आणि दरवाजा एका बाजूला लोंबायला लागला. मी मूळ मापाचे टायर परत घातले, पत्रा सांधून घेतला. पण त्या सांधलेल्या पत्र्यावर पुन्हा चाक लटकवायचा धीर होईना. मग कुठे?

मित्रांना विचारलं तर पाच जणांची सहा मतं! टपावर टाक. पोटाखाली लाव. आत सीटच्या मागे उभी कर. बॉनेटवर लाव, जाम भारी दिसतं. एकानं तर "आजकाल पंक्चर होतातच कुठे?" म्हणून स्टेपनीच काढून टाकायचा सल्ला दिला. बायको म्हणाली, "कुठेही लाव, फक्त मला एकटीला काढता आली पाहिजे." मी तिचं वाक्य यादीत सगळ्यात खाली लिहून ठेवलं.

निर्णय होत नसला की मी इतिहास वाचायला घेतो. कामाची टाळाटाळ करायची ही सगळ्यात प्रतिष्ठित पद्धत आहे :-) पण या वेळी खरंच उपयोग झाला, म्हणून हा लेख.

नावाची गोष्ट

सुरुवात नावापासून. 'स्टेपनी' हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो मराठी नाही हेच विसरायला होतं. गॅरेजवाला, ट्रकचा क्लीनर, एसटीचा ड्रायव्हर, सगळे स्टेपनीच म्हणतात. एखाद्याच्या मागे मागे फिरणाऱ्यालाही आपण 'त्याची स्टेपनी' म्हणतो. मात्र आजच्या इंग्लंडमध्ये जाऊन कुणाला 'स्टेपनी आहे का?' विचारलंत तर तो लंडनमधल्या एका वस्तीचा पत्ता सांगेल.

हा शब्द आला वेल्समधल्या लनेथ्ली नावाच्या गावातून. तिथे स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. थॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी १९०४ च्या सुमारास तिथे एक जादा चाक बनवायला घेतलं आणि रस्त्याचंच नाव मालाला दिलं.

त्या काळातल्या मोटारींना जादा चाक नसायचंच. कारण चाक गाडीवरून सहज निघत नसे! लाकडी आऱ्यांचं, बैलगाडीच्या चाकाच्या जातीचं ते चाक आसाला पक्कं बसवलेलं असायचं. रस्त्यांवर घोडागाड्यांची वर्दळ, म्हणजे नालांचे खिळे जागोजागी पडलेले. पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला बसून, टायर जागच्या जागी रिममधून उपसून, ट्यूब काढून, ठिगळ लावून, पुन्हा सगळं बसवून हातपंपानं हवा भरायची. पावसात आणि अंधारातसुद्धा.

डेव्हिस बंधूंनी काय केलं, तर आऱ्या नसलेलं नुसतं एक गोल रिम घेतलं, त्यावर हवा भरलेला टायर चढवला, आणि हे कडं पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून आकड्यांनी आवळून टाकायची सोय केली. मूळ चाक काढायचं नाही, त्याच्या शेजारीच दुसरं बांधायचं. तात्पुरता जुगाड म्हणा हवं तर. (आमच्या धंद्यात याला 'पॅच' म्हणतात.) पण लोकांनी तो डोक्यावर घेतला. लंडनच्या टॅक्सींवर ही चाकं दिसू लागली, साम्राज्यभर गेली. पुढे निघणारी चाकं आली आणि त्या कड्याची गरजच संपली. वस्तू गेली, शब्द राहिला. भारतात राहिला, माल्टामध्ये राहिला, आणि ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये तर जादा चाकाला आजही 'एस्तेपे' म्हणतात.

उरलेली जागा

निघणारं चाक आलं आणि त्याबरोबर नवा प्रश्न आला, तो म्हणजे माझा शनिवारचा प्रश्न. आख्खं जादा चाक बरोबर घ्यायचं, पण ठेवायचं कुठे?

पहिलं उत्तर होतं बाजूला. जुन्या मोटारींना दाराखाली चढायला लांबलचक पायरी असायची. चाक त्या पायरीवर, पुढच्या मडगार्डला खेटून उभं राहिलं. संस्थानिकांच्या मोटारींचे फोटो बघा, दोन्ही अंगांना मडगार्डमध्ये खोबण करून एकेक चाक बसवलेलं दिसेल. चाक हे तेव्हा मिरवायचं काम होतं. पुढे १९३० च्या दशकात गाड्या गुळगुळीत, वाऱ्याला कापत जाणाऱ्या आकाराच्या व्हायला लागल्या. पायऱ्या जायला लागल्या, मडगार्ड अंगात मुरले, आणि स्टेपनीची रवानगी हळूहळू मागे डिकीत झाली, सामानाच्या खाली.

इथपर्यंत वाचल्यावर माझ्या लक्षात एक गोष्ट आली. स्टेपनीसाठी कुणीच जागा 'ठरवत' नाही. बाकी सगळं ठरल्यावर जी उरते ती तिला मिळते. म्हणजे उलटं बघितलं, तर स्टेपनी कुठे आहे यावरून ती गाडी बनवणाऱ्याला काय जास्त महत्त्वाचं वाटत होतं ते कळतं. हे एकदा डोक्यात बसलं आणि मग मी रस्त्यावरची प्रत्येक गाडी मागून बघायला लागलो.

युद्धातली जीप, शेतातली जीप

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे खुद्द जीप.

अमेरिकन सैन्यानं १९४० मध्ये पाव टन वजन वाहणाऱ्या, चारही चाकांना ताकद असलेल्या छोट्या गाडीची मागणी काढली. बँटम, विलीज आणि फोर्ड या तीन कंपन्यांनी नमुने दिले. वजनाची अट भयंकर कडक होती. विलीजला आपली गाडी २१६० पौंडांत, म्हणजे साधारण ९८० किलोंत बसवण्यासाठी जिथून जमेल तिथून वजन उतरवावं लागलं. दरवाजे नाहीत, छप्पर म्हणजे नुसतं कापड. पण एवढ्या काटकसरीतही स्टेपनी मात्र कुणी वगळली नाही!

ती लावली मागे, पाठीवर, उजव्या बाजूला. पुढे तिच्या शेजारी डावीकडे इंधनाचा कॅन लागला. मागेच का? तर दोन्ही बाजू मोकळ्या हव्या होत्या. सैनिकांना गोळीबार सुरू झाला की कुठल्याही बाजूनं उडी मारून उतरायचं होतं. ड्रायव्हरच्या अंगाला कुऱ्हाड आणि फावडं बांधलेलं. आणि मागून चढायचं-उतरायचं नसल्यानं मागचा पत्रा सलग होता, त्याला उघडणारा फाळका नव्हता. म्हणून पाठ रिकामी, म्हणून चाक पाठीवर. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्डनं मिळून अशा सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या.

१९४५ मध्ये युद्ध संपलं आणि विलीजनं तीच गाडी शेतकऱ्यांना विकायला काढली, सीजे-२ए नावानं. गंमत बघा, यंत्र बरंचसं तेच, चेहराही तोच, पण स्टेपनी हलली! पाठीवरून ती उजव्या बाजूला आली. कारण शेतकऱ्याला मागून पोती चढवायची होती, म्हणून मागे उघडणारा फाळका आला. मागे अवजार ओढायचं होतं, इंजिनच्या ताकदीवर चालणारी यंत्रं जोडायची होती. पाठ कामाला लागली, म्हणून चाक बाजूला गेलं. आता बाजूनं उडी मारायची घाई कुणाला नव्हती.

एका चाकाची जागा बदलली यावरून जग युद्धातून शांततेत आलं हे कळतं. मला हे वाचून अगदी भरून आलं. (बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग वेल्डरला काय सांगू?")

असंच दुसरं उदाहरण लँड रोव्हरचं. रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्सकडे शेतावर युद्धातली एक जुनी जीप होती, ती बघून त्याला स्वतःची गाडी सुचली आणि १९४८ मध्ये ती बाजारात आली. तिच्या कित्येक गाड्यांवर स्टेपनी चक्क बॉनेटवर बसलेली दिसते. हौदा शेतकऱ्याला सगळाच्या सगळा मोकळा हवा होता, म्हणून मग ड्रायव्हरनं चाकावरून डोकावून रस्ता बघायचा!

नाशिकपर्यंत

जीप आपल्याकडे आली ती मुंबईमार्गे. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर २ ऑक्टोबर १९४५ ला 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. धंदा पोलादाचा. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. त्याच काळात मुंबईत माझगावला विलीजच्या जीप सुट्या भागांतून जोडायला सुरुवात झाली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आली. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली, पण आपल्याकडे तिच्याच वंशातल्या गाड्या पुढे कितीतरी वर्षं निघत राहिल्या. १९८० च्या दशकात त्यांना प्यूजोच्या रचनेची डिझेल इंजिनं मिळाली, नाशिक-इगतपुरीकडे कारखाने आले, आणि सातपूर एमआयडीसीत ज्यांचे काका-मामा कामाला आहेत अशी आमची एक पिढीच तयार झाली.

माझ्या लहानपणीची जीप म्हणजे काळी-पिवळी. त्र्यंबक, घोटी, पेठ, सगळीकडे जाणारी. नऊ माणसांच्या जागेत सतरा. कमांडर, ट्रॅक्स, पुढे मार्शल. यांची स्टेपनी कुठे असायची आठवतंय? मला आठवते ती टपावर, पोती, कोंबड्यांची खुराडी आणि पत्र्याच्या ट्रंका यांच्यामध्ये. जिथे मूळची मागे होती तिथे ती काढून टाकलेली, कारण मागे पायरीवर लटकून चार माणसं उभी राहायची. एका माणसाचं भाडं म्हणजे रोख पैसा, आणि स्टेपनी भाडं देत नाही. पुन्हा तोच नियम, तिला उरलेली जागा.

मग १९९० चं दशक आलं आणि एक चमत्कार झाला. पुण्यात टाटांनी १९९१ मध्ये सिएरा काढली, १९९४ मध्ये सुमो, १९९८ मध्ये सफारी. तिन्हींच्या पाठीवर स्टेपनी. त्याआधी १९८५ पासून मारुतीची जिप्सी होतीच, तिच्याही पाठीवर. २००० मध्ये बोलेरो आली, तिच्याही मागच्या दरवाजावर चाक. आता यातल्या किती गाड्या खरोखर चिखलात जाणार होत्या? पण पाठीवरचं चाक म्हणजे 'ही साधी कार नाही' अशी पाटीच झाली. संस्थानिकांच्या मोटारीनंतर स्टेपनी पुन्हा एकदा मिरवायला लागली. तिला कव्हर चढलं. कव्हरवर महाराज आले, 'आई-बाबांचा आशीर्वाद' आला, गावाचं नाव आलं, मुलांची नावं आली. आपल्याकडे स्टेपनीचं कव्हर ही एक वाचायची गोष्ट आहे. मुंबई-आग्रा रोडवर जाममध्ये अडकलात तर वेळ चांगला जातो.

आणि २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ बाहेर पडली. तिची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली. बाहेरून दिसतच नाही. कारण ही गाडी शहरातल्या माणसाला, कारमधून उतरून बसणाऱ्याला विकायची होती. त्याला स्वच्छ पाठ हवी, मागची काच मोकळी हवी, आणि पाहुण्यांसमोर चिखलाचं चाक नको. म्हणजे एकाच गावात, एकाच कंपनीच्या दोन गाड्या, बोलेरो आणि स्कॉर्पिओ. एकीचं चाक पाठीवर, दुसरीचं पोटात. गिऱ्हाईक कोण आहे ते मागूनच ओळखा.

सावळघाटातली रात्र

इतिहास इथपर्यंत मजेचा होता. पण पोटाखालच्या स्टेपनीचं नाव निघालं की मला एक रात्र आठवते, आणि खरं सांगायचं तर माझे तीन आठवडे वाया जाण्याचं कारण ती रात्र होती.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना. बाबा पेठजवळच्या आमच्या गावी होते आणि संध्याकाळी त्यांना दम्याचा जोरात झटका आला. पंप घेऊन उतार पडेना. रात्री नऊला त्यांना गाडीत घालून आम्ही नाशिककडे निघालो. गाडी माझी नव्हती, एका मित्राची सात सीटची. (तिचंही नाव सांगत नाही.) सावळघाटात धो धो पावसात मागचं डावं चाक बसलं. टायर धारदार दगडानं कापला होता.

मी म्हटलं, ठीक आहे, वीस मिनिटांचं काम. पोटाखालच्या स्टेपनीची रचना अशी असते की बंपरजवळच्या भोकातून एक लांब दांडी आत घालायची, फिरवायची, की साखळी किंवा तार सुटत जाते आणि चाक अलगद खाली येतं. कागदावर सुंदर. पण ती गरारी कित्येक वर्षांत कुणी फिरवलीच नव्हती. चिखल, पाणी, गंज. दांडी अर्धा फेरा फिरली आणि अडकली. त्यात मागचं चाक बसल्यामुळे गाडीची मागची बाजू इतकी खाली आलेली, की खाली हात घालायलाही आधी जॅक लावायला हवा. मी पाण्यात उताणा पडून पान्यानं ठोकत होतो, आणि वर गाडीत बाबांचा श्वास ऐकू येत होता. तो आवाज मी विसरणार नाही.

शेवटी मागून एक पिकअप आला, बाजाराला निघालेला भाजीचा. ड्रायव्हरनं काही न विचारता बाबांना आणि बायकोला पुढे केबिनमध्ये घेतलं आणि नाशिकला हॉस्पिटलच्या दारात सोडलं. बाबा वाचले, आज ठणठणीत आहेत. मी तिथेच राहिलो, सकाळपर्यंत. पिकअप निघताना टॉर्चच्या उजेडात मी बघितलं, त्याची स्टेपनी हौद्यात, केबिनच्या पाठीला टेकवून उभी, साखळीनं बांधलेली होती. मी बघतोय हे बघून तो म्हणाला, "खाली ठेवली तर गंज खातो, नाहीतर चोर खातो. वर डोळ्यासमोर बरी."

चार क्रेट कमी बसत असतील त्याच्या हौद्यात. म्हणजे दर फेरीला तेवढं नुकसान. काळी-पिवळीवाल्यानं स्टेपनीची जागा विकली होती, यानं ती विकत घेतली होती.

आमच्या क्षेत्रात एक म्हणायची पद्धत आहे, की ज्या बॅकअपवरून डेटा परत आणून बघितलेला नाही तो बॅकअप नाही. मी हे ट्रेनिंगमध्ये नव्या मुलांना शिकवतो. पण निघण्याआधी 'दांडी फिरते का?' हे मी बघितलं नव्हतं.

हिशेब

तर आता माझी जीप. पर्याय एकेक करून खोडत गेलो.

दरवाजावर? भंगारवाल्याच्या काट्यावर दोन्ही चाकं मोजली. आधीच्या मालकाचं मोठं चाक रिमसकट ४१ किलो, माझं मूळ मापाचं २७. दोन्हींचा मध्य बिजागरीपासून साधारण अर्ध्या मीटरवर. गाडी उभी असताना हे काही फार नाही. पण खड्ड्यात आपटल्यावर क्षणभर तिप्पट जोर येतो असं धरलं, तर मोठ्या चाकाचे होतात १२३ किलो. म्हणजे प्रत्येक खड्ड्याला एक जाडजूड माणूस उघड्या दरवाजावर उडी मारून लटकतोय! पत्रा फाटणारच. मूळ चाकाचे ८१ होतात. कंपनीच्या कोऱ्या दरवाजाला ते चालतं, सांधलेल्याला नाही.

टपावर? माझ्या जीपला कापडी हूड आहे, विषय संपला. पण पक्कं टप असतं तरी २७ किलो डोक्याच्या वर चढवलं की वळणावर गाडी झुकते, आणि पावसात ते खाली उतरवायचं कुणी?

बाजूला? आमच्या गावच्या बोळातून जाताना आधीच दोन्हीकडे चार-चार बोटं उरतात. बॉनेटवर? घाटात समोरचं खोलगट वळण दिसायला हवं. आत? मागची सीट जाते, आणि नीट न बांधलेलं २७ किलोचं चाक जोरात ब्रेक लागल्यावर कुणाच्या पाठीत येईल ते सांगता येत नाही. पोटाखाली? सावळघाट.

आणि स्टेपनीच नको? हा सल्ला वाटतो तितका वेडा नाही बरं का. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनी सक्तीची नाही. त्यामागचं एक कारण असं होतं की ती जागा मोकळी होईल आणि विजेच्या गाड्यांना बॅटरीसाठी वापरता येईल. पुन्हा तेच! शंभर वर्षांत पहिल्यांदा स्टेपनीपेक्षा महत्त्वाची अशी वस्तू आली की तिला उरलेली जागासुद्धा देता येईना.

शहरात हे ठीक आहे. खिळा घुसला तर संच पुरतो. पण दगडानं टायरची कड कापली, तर संचातला डिंक काय करणार? गंमत म्हणजे त्याच वर्षी, २ ऑक्टोबर २०२० ला, कंपनीच्या स्थापनेला बरोबर ७५ वर्षं झाली त्या दिवशी, नाशिकमध्येच बनणारी नवी थार विक्रीला आली. तिच्या पाठीवर आख्खं चाक होतं. २०२४ मधल्या पाच दारांच्या रॉक्सच्याही पाठीवर आहे. त्यातला मिरवण्याचा भाग किती आणि गरजेचा किती, ते ज्यानं त्यानं आपण कुठे जातो ते बघून ठरवावं.

उरला एक पर्याय. चाक पाठीवरच, पण दरवाजावर नाही. मागच्या बंपरमागे चासीचा आडवा तुळईसारखा भाग असतो, त्याला बोल्टनं बसवलेला एक फिरता लोखंडी हात, आणि त्या हातावर चाक. वजन चासीवर जातं, दरवाजा मोकळा. तोटा असा की मागचा दरवाजा उघडायला आधी हात बाजूला फिरवावा लागतो, म्हणजे एक काम वाढलं. शिवाय हाताचं स्वतःचं वजन आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ रचनेच्या विरुद्ध बदल चालत नाहीत असं २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट केलंय. म्हणून वेल्डिंगच्या आधी आरटीओत जाऊन विचारून आलो, नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाणार नाहीत हे मापून घेतलं, आणि चासीला वेल्डिंग करायचं नाही, असलेल्या भोकांतच बोल्ट, असं ठरवलं.

खडूची खूण

तर पुन्हा त्या शनिवारी, शेडमध्ये.

"फिरत्या हातावर लावायची," मी म्हणालो. वेल्डर म्हणाला, "ते कळलं हो. पण किती उंचीवर?"

मी हिशेब करूनच आलो होतो. चाक जितकं वर, तितकी चढ-उतारावर गाडीची शेपटी दगडाला लागायची शक्यता कमी. मी छातीएवढ्या उंचीवर बोट ठेवलं. बायको बाजूला चहा घेत उभी होती. ती म्हणाली, "तू वर्षातून किती वेळा त्या दगडांवर चढवणार आहेस? आणि मी रात्रीची एकटी बाबांना घेऊन निघाले तर?"

यादीतलं सगळ्यात खालचं वाक्य. मोटारी बनवणाऱ्यांनी शंभर वर्षं जे केलं तेच मीही केलं होतं. पत्रा, चासी, दगड, कायदा, सगळ्यांचा विचार करून झाल्यावर उरलेल्या जागेत ते चाक काढणारं माणूस.

वेल्डरनं काही न बोलता खडू उचलला. "ताई, जरा इथं उभ्या राहा." चाक तिच्या हातात दिलं. ती ते गुडघ्याला टेकवून जिथपर्यंत आरामात उचलू शकली, तिथे त्यानं रेघ मारली. माझ्या बोटापेक्षा जवळजवळ एक वीत खाली. चाकाची खालची कड बंपरच्या जेमतेम वर येते. दगडाला लागेल कधीतरी. लागू दे.

पुढच्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिनं एकटीनं चाक बदललं. मी फक्त घड्याळ घेऊन उभा होतो (आणि दोनदा तोंड उघडलं तेव्हा गप्प बसवला गेलो). पहिल्यांदा ४१ मिनिटं, दुसऱ्यांदा २६. बाबा वर गॅलरीतून बघत होते.

आता दर वर्षी जूनच्या पहिल्या रविवारी, पेठ रस्त्यावर पाऊस लागायच्या आधी, स्टेपनी उतरवायची, हवा बघायची, हाताच्या बिजागरीला ग्रीस लावायचं आणि परत चढवायची असं ठरलंय. तुमचीही गाडी खाली उभी असेल. आज रविवार आहे, पाऊसही नाही. जाऊन एकदा दांडी फिरते का बघून या.